टायरच्या नक्षीतले खडे

सप्टेंबर सरता सरता येतात कारखानीस मॅडम,
भूल देणाऱ्या डॉक्टर,
सायकल दुकानाच्या भिंतीला टेकवतात, म्हणतात,
"अंकुश, लगेच धुऊ नकोस. आधी बघ."

मी बघतो.
मागचा ब्रेक पॅड पार पत्र्यापर्यंत गेलेला,
म्हणजे उतार लांब होता.
पुढचा जेमतेम झिजलाय,
म्हणजे खडी सुटी होती, पुढे दाबायची छाती झाली नाही.
चेनवर पिठासारखी धूळ, तेल पिऊन बसलेली.
डाव्या पेडलला ओरखडा. "कुठे पडलात?"
"पडले नाही रे. बसले. श्वास संपला होता."

मी इगतपुरीच्या पुढे गेलेलो नाही.
कसाऱ्याचा घाट पाहिलाय तो टेम्पोतून,
मेव्हण्याच्या फ्रिजला पाठ लावून,
म्हणजे सगळा उलटा.
पण चार हजार मीटरवरचा कच्चा रस्ता
माझ्या बोटांना पाठ आहे.

टायरच्या नक्षीत अडकलेले खडे
मी जुन्या स्पोकच्या टोकाने काढतो
आणि लोणच्याच्या बरणीत टाकतो.
एक चपटा, पाटीच्या तुकड्यासारखा.
एक गुलाबी.
एक इतका पांढरा की रेहानने चाटून पाहिला.
"मीठ नाय, दादा."

"दोन दिवसांत तीन माणसं भेटली," मॅडम सांगत होत्या.
"एक मेंढ्या घेऊन, दुसरा त्याचा भाऊ,
तिसरा त्या दोघांना शोधत."
आणि गाड्या?
"एक. बंद पडलेली. तिच्यात कोंबडी बसली होती."
आणि हॉर्न?
हे मला दोनदा विचारावं लागलं,
बाहेर एलबीएसवर बसचा ड्रायव्हर
रिक्षावाल्याशी हॉर्नने भांडत होता.
"माझ्याच कानात काहीतरी वाजत होतं," त्या म्हणाल्या.
"तिसऱ्या दिवशी थांबलं."

सायकल तयार झाली की ट्रायल घ्यायची असते.
गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं, ब्रेक दाबायचा, परत.
एवढाच रिवाज.
त्या मंगळवारी पहाटे पावणेपाचला
मी गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला नाही.

मुलुंडच्या मागे, जंगलाच्या कडेने,
तानसाची पाइपलाइन जाते,
पुरुषभर उंच, पहाटे घामेजलेली.
तिच्या अंगाला लागून खडीची वाट.
वॉचमनने बॅटरी मारली. "कुठे?"
"ट्रायल."
त्याला पटलं. मलाही.

उंची असेल चाळीस मीटर. दोन शून्यं कमी.
पण चाकाखाली खडी तशीच बोलली,
भट्टीतल्या वाळूत चणे फुटावेत तशी.
हँडल हातात थरथरत राहिलं,
बारा वर्षं दुसऱ्यांची हँडलं सरळ करतोय मी,
त्यांचा थरथराट कधी माझ्या कोपरापर्यंत आला नव्हता.

मध्येच थांबून पाइपाला कान लावला.
आत डोंगरातलं पाणी चाललं होतं,
कुणाला न विचारता, सिग्नल न पाळता.
मग कान काढला, तर माझ्या कानात वाजत होतं.
मॅडमचं तीन दिवसांत थांबलं.
माझ्याकडे चाळीस मिनिटं होती.
त्यातली दोन कुत्र्यांनी खाल्ली.

दुकान उघडलं, सायकल पुन्हा धुतली, चोरासारखी.
बिलात लिहिलं : ब्रेक पॅड, चेन, केबल.
ट्रायलच्या रकान्यात रेघ.

मागच्या टायरमध्ये एक खडा होता,
आपला काळा, कोपऱ्यावर तुटलेला.
रेहान स्पोक घेऊन आला.
"दादा, एक राहिला."
मला माहीत आहे रबर किती धरून ठेवतं.
चेकनाक्याच्या आतच गळेल तो,
पुढचा सप्टेंबर तर सोडाच.

"राहू दे," म्हटलं.