रकाना चौथा: कुटुंबसंख्या

न्यूयॉर्कच्या ऑफिसातून फॉर्म आला, नऊ पानी.
मी चिटणीस, म्हणजे माझं अक्षर बरं,
म्हणून कमिटीने तो माझ्यापुढे सरकवला.
चौथा रकाना विचारत होता: कुटुंबं किती?
'चाळीस लिही, इर्मा,' मॉर्टिमर फाइनब्लाट म्हणाला,
जन्मभर खिळे विकून
वजनात कधी हात न मारलेला मॉर्टिमर.
मी चाळीस लिहिली.
त्यातली चौदा टेकडीवर झोपलीत,
सरोवराकडे पाय करून.

'अपेक्षा' या सदरात आम्ही लिहिलं:
तरुणांसाठी उपक्रम.
आमच्यातला सगळ्यात तरुण डॉक्टर पिन्सकर, वय एकसष्ट.
तो ते वाचून चक्क लाजला.

मग स्थळं येऊ लागली.

पहिले रब्बी ऑक्टोबरात.
लोखंडमाती भरून बोटी अजून जात होत्या.
ते छताकडे बघत जेवले.
मग आम्हीही बघितलं,
आणि पाण्याचा तो डाग
अकरा वर्षांत प्रथमच सगळ्यांना दिसला.

दुसऱ्यांचं प्रवचन असं की फ्रीडा झाल्ट्समान रडली,
आणि फ्रीडा नवऱ्याच्या मातीलाही रडली नव्हती.
पण त्यांच्या बायकोने विचारलं, कोशेर मटण कुठे मिळतं?
अडीचशे किलोमीटर, मी म्हटलं, रस्ता उघडा असला तर.
तिने नवऱ्याकडे पाहिलं.
संसार केलेल्या कुणालाही ती नजर कळते.
मी त्यांना वाटेसाठी केक बांधून दिला.

तिसरी फेब्रुवारीत, तिर्झा ओस्ट्रोव,
बर्फात रुतलेल्या गाडीसकट.
शब्बाथच्या सकाळी आम्ही आठ, ती नववी.
दहावा म्हणून पिन्सकरने वॉर्डातून एक ट्रकवाला आणला,
पाय प्लास्टरात,
आईच्या आईचं माहेरचं नाव काट्झ.
तेवढं पुरलं.

आम्ही प्रश्न काढून ठेवले होते, टाइप करून.
तिनेच विचारलं,
'तुम्ही शेवटचे कशावरून भांडलात?'
आधी कुणी बोलेना.
मग हीटरचं बिल निघालं,
मग तोराच्या कपाटाचा निळा पडदा, जो हिरवा हवा होता,
मग मॉर्टिमरचा भाऊ,
शेजारीच दुकान, आणि एकोणीस वर्षं
या दाराची पायरी चढला नाही.
तिने काही टिपून घेतलं नाही.
नंतर मोरीत उभी राहून कप विसळले,
कान तुटलेला एक हातात धरून म्हणाली, हा कुठे?
तिथेच, मी म्हटलं. आम्ही टाकत नाही.

मत घेतलं. सगळे हात वर.
असं कधी झालं नव्हतं; मॉर्टिमर तर घाबरलाच.

पण तिकडूनही यादी जाते.
ऑफिसात दोन्ही याद्या शेजारी ठेवून कुणीतरी बघतं.
तिच्या यादीत आम्ही दुसरे.
पहिले अरिझोनात, नव्वद मुलं, अंगणात लिंबं.
पत्र तिने हाताने लिहिलं.
राग धरावा असं एक वाक्य
मी त्यात दोनदा शोधलं.

मेमध्ये मॉर्टिमर गेला,
जमीन खणण्याजोगी झाल्यावर,
शेवटपर्यंत सोयीने वागणारा माणूस.
टेकडीवर मी डोकी मोजली. नऊ.
फाटकाशी टोपी हातात घेऊन
त्याचा भाऊ उभा होता.
आत ये, कुणीच म्हटलं नाही.
तो आला.
कद्दिश त्याला सगळं पाठ होतं.

आता पुन्हा नऊ पानं.
चौथ्या रकान्यात मी लिहिलं: पंचवीस.
मग भावाची आठवण झाली,
आणि खोडून सव्वीस केले.
अपेक्षा:
शेवटच्या माणसाला पुरायला
कुणीतरी असावं.
हे पिन्सकरने वाचलं,
चष्मा पुसला, सही केली.

पाहुण्यांच्या खोलीतला हीटर मंद चालू ठेवलाय.
पाइप गोठू नयेत म्हणून,
असं मी हिशोबात दाखवते.