उलट्या तोंडानं

नाव घेतली ती फंडाच्या उरलेल्या पैशातून.
धामोडचा संतू भोई म्हणाला,
"वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या वाटेला.
असंच असतंय."

ह्यांची बत्तीस वर्षं केएमटीच्या स्टेअरिंगवर गेली.
समोर काच नाही म्हटल्यावर गडी बावरला.
काठ जवळ आला की उजवा पाय
आपसूक फळी दाबतो.
पाणी कुठलं थांबतंय!

मी मागच्या फळीवर, ह्यांच्या समोर.
खांद्यावरून वाट बघते.
आधीही वाटच बघायची, पण उंबऱ्यात,
शेवटची गाडी डेपोत लागेपर्यंत.

"डावं ओढा. अहो, तुमचं डावं!"
"कुणाचं?"
आणि तुळशीचा अख्खा बांध
तीनदा डोळ्यांपुढून फिरला.
संतू काठावर तंबाखू मळत
खुशाल हसत होता.

काल बुडालेल्या बाभळीचा शेंडा
एकदम पुढ्यात.
तोंडातून शब्द फुटेना.
जेवणाचा डबा फळीवर आपटला,
एकदाच.

वल्ही पाण्यात रुतली. नाव थांबली.
ह्यांनी मागं वळूनही बघितलं नाही,
माझ्याकडंच बघत राहिले, घामेजलेले,
कपाळावर टोपीचा जुना वळ.

बाभळीवरचा पाणकावळा उडाला.
नाव हळूच बाजूला सरकली.

मग मी डबा दोनदा वाजवला.