शेऱ्यासाठी दीड इंच

सोमवारी साहेबांना तक्ता हवाय.
एका रकान्यात हजेरी, एकात गुणवत्ता,
शेवटी शेरा. शेऱ्याला दीड इंच.

मी केंद्रप्रमुख. माझ्याकडं शाळा अकरा,
पण साहेबांचं बोट दोनच ओळींवर अडतं.
टेकावरची शाळा: चौऱ्याण्णव टक्के.
नदीकडची: एकसष्ट.
"खडू एकाच महापालिकेचा, खिचडी एकच,
मग हे कसं, सावर्डेकर मॅडम?"

टेकावर पोरं येतात, खरंय.
निकाडे सर फाटकात उभे असतात घड्याळ धरून.
चौथीतल्या निम्म्यांना हातच्याची वजाबाकी येत नाही,
पण ती हातचा न घेता बसतात,
सरळ, हाताची घडी घालून.

नदीकडं गेले तेव्हा सातवीत नऊ जण कमी.
"पेठेची मॅच हाय आज," इंगवले बाई म्हणाल्या,
त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती,
स्कोअर काय झाला एवढीच काळजी.

दहावा गैरहजर प्रज्वल डवरी
मला परत येताना गल्लीत दिसला,
आईशेजारी बसून चपलेची वेणी घालत.
जोडीला अठरा रुपये.
मी म्हटलं, एकोणीस जोड्यांचे किती रे?
माझं वाक्य पुरं व्हायच्या आत
"तीनशे बेचाळीस," आणि वर मान नाही केली.
हे कुठल्या रकान्यात भरू?

तनजिला शिकलगार आठवड्यातून तीन दिवस येते,
कडेवर भाऊ घेऊन.
तो मागच्या सतरंजीवर झोपतो,
पाढे सुरू झाले की जागा होतो.
पटावर त्याचं नाव नाही. वय सव्वा वर्ष.

आणि एक आठवडा साहेबांना ठाऊकच नाही.
राजाराम बंधाऱ्यावर पाणी त्रेचाळीस फुटांच्या वर,
नदीकडची सगळी गल्ली ट्रॉलीतून टेकावर आणली,
टेकावरच्याच शाळेत.
वर्ग तीनमध्ये बकऱ्या, वर्ग पाचमध्ये म्हाताऱ्या,
ऑफिसात दूध पावडरीची पोती.
रात्री लाईट गेली तेव्हा
इंगवले बाईंनी बॅटरीच्या उजेडात
भिजलेला हजेरीपट उघडला,
कुणी मागं राहिलं का बघायला.
आबिद. हजर.
ऐश्वर्या. हजर.
काही झोपेत म्हणाले. एक रडत म्हणाला.
प्रज्वलनं दोनदा म्हटलं, एकदा चुकून.
एकशे बारा पैकी एकशे बारा.
निकाडे सर दारात कंदील धरून उभे होते,
घड्याळ न बघता.

पटावर त्या आठवड्याला तिरकी लाल रेघ आहे:
पूर. सुट्टी.

रविवारी रात्री मी टक्के तपासले, बेरीज जुळली.
शेऱ्याच्या दीड इंचात बारीक अक्षरात लिहिलं,
"नदीकडच्या शाळेस एक जाड सतरंजी मिळावी."

गुरुवारी तक्ता परत आला.
शेऱ्याभोवती गोल,
शेजारी, "विषयास धरून नाही."

सतरंजी मी राजारामपुरीतनं घेतली,
निळी, लाल काठाची.
पावती जोडलेली नाही.