गरजेचा दाखला

माझ्या यंत्राला बावीस कळा.
त्यांवर मी शब्द नाही, आवाज टिपते.
कोण खरं, कोण खोटं, हा माझा प्रांत नाही;
सरकार मला पानामागे पैसे देतं.

सुनावणी क्रमांक एकोणीस.
केंटकीची राजधानी, दुसरा मजला,
मार्च उजाडला तरी हीटर कण्हतोय.
अर्जदार : डॉक्टर ऑर्विल टॅकेट, लॉरेल फोर्क खोरं.
मागणी : एक एमआरआय यंत्र.
पैसे स्वतःचे, जागा स्वतःची, टायरचं जुनं दुकान.
फक्त 'गरज आहे' असा दाखला हवा.

आणि हरकत घ्यायला
पलीकडच्या डोंगरातलं इस्पितळ
वकिलासकट हजर.

डॉक्टर म्हणाले,
"बुटांचं दुकान काढताना
समोरच्या बूटवाल्याची सही लागत नाही.
मशीन चाललं नाही तर मी बुडेन.
बुडायचीच परवानगी मागतोय, म्हणा."
हशा. तोही नोंदवावा लागतो.

प्रॅथरबाई उठल्या, वकील.
"बूट वेगळा, गुडघा वेगळा.
रात्री दोनला बुटांच्या दुकानात
कुणी छाती धरून येत नाही.
आमचा तातडीचा विभाग रोज रात्री तोट्यात जळतो,
त्याचं तेल या स्कॅनमधून येतं.
लोणी यांनी न्यायचं
आणि ताक आम्ही वाटत बसायचं?"

"मग तो तोटा बिलावर लिहा," डॉक्टर.
"वेगळ्या ओळीत, आकड्यासकट.
लोक देतील नाहीतर भांडतील,
पण डोळे उघडे ठेवून.
एकाच्या गुडघ्यात दुसऱ्याची रात्र कशाला लपवता?"

ही ओळ मी जरा जोरात दाबली.
यंत्राला जोर कळत नाही.

साक्षीदार बर्चेल स्टिडम, खाणीतून निवृत्त,
टोपी गुडघ्यावर.
"मला दोघांचंही पटतं, तीच पंचाईत आहे.
माझ्या आयव्हाला अकरा आठवडे थांबवलं.
आधी गाठ वाटाण्याएवढी होती म्हणतात.
म्हणतात. पाहिली कुणी?
मला एवढंच सांगा, एक स्कॅन कितीला?"

"चारशे पंचवीस डॉलर." डॉक्टर, श्वासही न घेता.
"ते अवलंबून आहे." प्रॅथरबाई.
"कशावर?"
"करारावर. विम्यावर. बऱ्याच गोष्टींवर."
म्हाताऱ्यानं मान हलवली,
हवामानाच्या बातम्या ऐकून हलवतात तशी.

'अवलंबून आहे' ला तीन ठोके लागतात.
माझ्या बोटांना ते
माझ्या नावापेक्षा पाठ झालेत.

खरं तर मी इथं बोलायचं नसतं. पण
ज्या रात्री वडिलांचे ओठ निळे पडत गेले
मी भाव विचारला नव्हता.
पलीकडच्या डोंगरात
याच इस्पितळाचा दिवा चालू होता.
आणि चार महिन्यांनी पाकीट आलं तेव्हा
आकडा कसा झाला म्हणून तिघांना फोन केला,
तिघांनी तीन उत्तरं दिली.
दिवाही खरा, पाकीटही खरं.
नोंदीत दोन्ही नाहीत.

अध्यक्षांनी चष्मा पुसला.
कोष्टकाप्रमाणे लॉरेल फोर्कला
शून्य पूर्णांक चार यंत्राची गरज आहे.
पुरतं एक भरेपर्यंत दाखला देता येत नाही.
म्हणजे अजून काही जणांनी आजारी पडायला हवं,
असं कुणी म्हणालं नाही,
मी लिहिलेलंही नाही.

सगळे उठले. स्टिडम दाराशी थांबला.
हिशेब करत असावा,
शून्य पूर्णांक चार यंत्रात
आयव्हा कुठवर मावली असती,
गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत.

शेवटी मीही एक दाखला देते,
दर वेळी, सहीशिक्क्यानिशी :
इथं जे बोललं गेलं ते सगळं यात आहे.

जे बोललं गेलं नाही
त्याच्यासाठी माझ्या यंत्रात
कळ नाही.