निळं कडं

पहाटे पाचला शटर वर करते तेव्हा
कॅनचे आवाज आधी येतात, माणसं मागून.
पिंपळझरीत थंडीचं दूध वाफाळत येतं,
आणि कोमट दुधात लॅक्टोमीटर खोटं बोलतो,
म्हणून मी थांबते. निवू देते.
रांगेतले चिडतात.
"मॅडम, दूध हाय वं ते, पोरीले पायते तसं काहून पायतं?"

अठ्ठावीस. एकोणतीस. अठ्ठावीस.
देवका अवथळेच्या कॅनला तेवीस.

कॅन आणला होता तिच्या चेतननं,
सातवीतला, गुडघा नुकताच सोललेला,
हातांना सायकलच्या चेनचं काळं.
मी काही विचारलं नाही.
परीक्षानळी दुधानं विसळली, ओतून दिली,
कडेकडेनं औषध सोडलं,
आणि काचेला चिकटलेल्या पांढऱ्यातून
हळूच एक निळं कडं वर आलं.

गाय असं काही देत नाही.
हे विहिरीचं, हापशीचं.
कपाशीला फेकलेला युरिया
पावसासोबत खाली उतरतो,
वर्षानुवर्षं पाण्यात गप बसतो
आणि दुधात शिरला की बोलतो.

"नाल्यावर पडलो," चेतन म्हणाला.
"अर्धं सांडलं. माय मारीन म्हून
हापशीवरून खुणेलोक भरलं."

दूध परत केलं.
वहीत लिहिलं: सांडले.
हा शब्द खोटा नव्हता.

मग पौषात वरून चिठ्ठी आली,
नागपूरच्या प्लांटची, जांभळ्या शिक्क्याची:
टँकरमध्ये पाणी. नायट्रेट आहे.
गावाच्या हिशोबातून लिटरमागे चार रुपये कमी.
सकाळी कॅनवाले माझ्याकडे बघेनात.
कुणी म्हणालं, पोरीले येत नाही तपासता.
कुणी त्याहून वाईट म्हणालं,
तेही हळू आवाजात नाही.

माझ्याकडे एक बाटली होती.
टँकर भरताना रोज काढून ठेवते,
तारीख, सही, फ्रिजच्या मागच्या कप्प्यात.
तीच तारीख शोधली, नळी घेतली, औषध सोडलं.
पांढरं.
दुसरी नळी. पांढरं.
तिसरी घ्यायची गरज नव्हती, तरी घेतली.

म्हणजे पाणी पिंपळझरीचं नव्हतं.
पिंपळझरी ते नागपूर चौऱ्याण्णव किलोमीटर,
मध्ये सुखदेवभाऊंचा टँकर चाळीस मिनिटं थांबतो,
ढाब्यामागे, बोअरशेजारी.
हे गावात सगळ्यांना माहीत होतं.
चहाला थांबतो म्हणत.

सुखदेवभाऊंनीच मला बाळंतपणाला
भर रात्री आर्वीला नेलं होतं, याच टँकरमधून,
केबिनमध्ये रग टाकून. एक पैसा घेतला नव्हता.

सोमवारी व्हॉल्व्हला तार घातली,
शिसं दाबलं, नंबर लिहिला: ००४१७.
तोच नंबर फोनवरून प्लांटला कळवला.
ते खाली वाकून बघत राहिले.
"माह्यावर भरोसा नाही का वं बाई?"
"आहे भाऊ. तो मोजायचं भांडं नाही माझ्याकडे."
हसले नाहीत. मीही नाही.
टँकर गेला. धूर बराच वेळ रस्त्यावर राहिला.

चिठ्ठ्या बंद झाल्या.
चार रुपये परत आले, अर्धेच.
रथसप्तमीला त्यांच्या घरून मला वाण आलं नाही.

एका रात्री बाटलीच्या तळाशी औषध उरलं होतं.
टाकून द्यायचं जिवावर आलं,
म्हणून सहज, चहाचं आधण ठेवायच्या आधी,
माठातलं थोडं पाणी नळीत घेतलं.

निळं.
चेतनच्या हापशीपेक्षा गडद.
नळी दिव्यासमोर धरली, खाली केली, पुन्हा धरली.
लेकरू झोपेत ओठ हलवत होतं.
दूध असतं तर परत केलं असतं.

वहीत पाण्याला रकाना नाही.
मी एक आखला.
पट्टी सापडेना, रेघ वाकडी आली.