पिन नंबर तेरा

खोक्यातून निघाली काड्यापेटीएवढी निळी पट्टी,
एक केबल, रंगीत तारांची जुडी.
मागावर उभं आयुष्य गेलं, भरमू म्हणाला,
पण इतका आखूड धागा कधी बघितला नाही.

रात्रीचे अकरा. वडगावात माग थांबलेले.
दिव्याचा लांब पाय पिन तेराला, आखूड ग्राउंडला.
काही नाही.
पुन्हा. काही नाही.
मग कळलं, केबल नुसती चार्जिंगची होती.

लुकलुकला, तेव्हा
त्यानं कुणाला उठवलं नाही.
उकिडवा बसून मोजत राहिला
फटका, उसंत, फटका, उसंत,
धोट्याची चाल ओळखावी तसा.

आठव्या दिवशी नळाला पाणी आलं.
सामाईक टाकीत सोडलेली तार
वायफायवरून बोलली.
छोट्या पडद्यावर त्यानं लिहिलं ‘पाणी’:
चार चौकोन उमटले.
वरच्या नागवेणीअक्का म्हणाल्या, कन्नडात ‘नीरु’ लिहून बघ.
तेही चार चौकोन.

शेवटी दोघांनी ठरवलं,
पाणी आलं की एक,
नसलं की शून्य.

आता अक्का जिन्यातूनच ओरडतात
‘भरमण्णा, ओंदु!’
आणि हा तोंडातला ब्रश न काढता
मोटारीचा खटका ओढतो.