तळघरातून

तिसरा सराव सामना काल रात्री संपला.
पहाटे साडेचारला टोलीडोच्या या तळघरात
मी चारही यंत्रं सुरू केली,
आणि रेडिओ.

रेडिओवर भांडण तेच.
छत्तिशीचा हॉलकम, की बाविशीतला मॅल्वो?
पहिल्या रविवारी चेंडू कुणाच्या हातात?
पेरिसबर्गहून कुणी ड्वेन बोलतोय, ट्रक चालवता चालवता,
म्हणतो, जुनं ते सोनं खरं,
पण सोन्याचे गुडघे बघा एकदा.
मग एक बाई, आवाजावरून शाळेत शिकवत असावी,
म्हणते, पोरानं उभ्या उभ्या साठ यार्ड फेकला,
त्याला बाकावर बसवून काय लोणचं घालणार आहात?

माझा मेव्हणा क्लीटस तर जेवणाच्या टेबलावर
मीठदाणीला हॉलकम करतो, मोहरीच्या बाटलीला मॅल्वो,
पावाचे तुकडे बचावाला,
आणि गार होत चाललेल्या बटाट्यांमधून
दोघांना आळीपाळीनं पळवतो.
बहीण म्हणते, मीठ दे इकडे.
तो देत नाही. खेळ चालू आहे.

मला कुणी विचारत नाही.
मी सव्वीस वर्षं यांचे कपडे धुतो.

हॉलकमचा सदरा मळतो तो फक्त डाव्या खांद्यावर.
कसं पडायचं ते त्याला येतं,
स्वतः बांधलेल्या जिन्यावरून
अंधारात उतरावं तसा पडतो तो.
मॅल्वोचा सदरा म्हणजे अख्खं मैदान,
पाठीवर गवत, छातीवर गवत, कॉलरमध्ये चिखलाची खपली.
एकदा त्याच्या मनगटपट्टीत च्युइंगमचा कागद सापडला,
त्यावर पेनानं तीन खेळींची नावं,
तिसरी खोडलेली, मग पुन्हा लिहिलेली.
पोरगं घाबरतं. हे ड्वेनला माहीत नाही.
हॉलकमही घाबरतो.
त्याचे मोजे माझ्याकडे येतात ते बर्फाच्या पाण्यानं ओले,
सामन्याच्या आधीच.

परवा रात्री कोच स्टॅनिस्लाव्ह स्वतः खाली आले.
टॉवेल हवा म्हणाले. वर टॉवेलांचा ढीग पडला होता.
ड्रायरला पाठ लावून उभे राहिले ऊब घेत,
मग मॅल्वोच्या सदऱ्यावर बोट ठेवून म्हणाले,
जातो का हा डाग?
घासला तर जातो, मी म्हटलं,
पण कापड विरतं.
आणि नाही घासला तर?
मग राहतो.
बराच वेळ उभे होते.
टॉवेल न घेताच गेले.

सोळा नंबरबद्दल त्यांनी विचारलं नाही.
रेडिओवरही त्याचं नाव निघत नाही.
ओडेल क्विम्बी. शेवटची पंधरा मिनिटं खेळला काल,
निम्मे लोक पार्किंगमध्ये गाड्या शोधत असताना.
अकरा फेकले, सात पोचले,
त्यातला एक अशा पोराकडे
ज्याचं नाव मी अजून शिवलंही नाही,
पाठीवर चिकटपट्टी आहे.

मंगळवारी चारला यादी येईल.
मग मी उसवणीचं हत्यार घेऊन बसेन,
पाठीवरून एकेक अक्षर सोडवेन, टाका टाका,
कापडाला भोक न पाडता. ही एक कलाच आहे,
हिचं कौतुक कुणी करू नये अशी.
अक्षरं कॉफीच्या डब्यात जातात.
ए, ओ, एन फार दिवस राहत नाहीत डब्यात,
नवं कुणीतरी येतंच.
क्यू मात्र पडून राहील.

त्याचा सदरा आज मी दोनदा धुतला.
गरज नव्हती, फारसा मळला नव्हता.

रेडिओवर आता टायरांची जाहिरात.
मग पुन्हा ड्वेन,
एव्हाना डेट्रॉइटच्या अलीकडे कुठेतरी.
म्हणतो, वाटेत विचार केला,
आणि मत बदललंय.